वाघ-बकरीचं ॲप आणि त्याची कागदपत्रं

आर्णीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी नववी-दहावीची काही पोरं नुसती कूलरच्या हवेला येऊन बसतात. २०२२ च्या मे महिन्यात त्यांना म्हटलं, दुसऱ्यांचे गेम किती दिवस खेळणार, आपणच एक करू. वाघ-बकरी ठरलं. २५ ठिपके, ४ वाघ, २० बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघ कोंडायचे. नशिबाला जागा नाही, फासे नाहीत, आणि कॉम्प्युटरला खेळायला शिकवता येईल इतका पट लहान.

गोडो नावाचं मोफत इंजिन घेतलं. त्याचं लायसन एमआयटी, म्हणजे त्यांची कॉपीराइटची ओळ आणि लायसनचा मजकूर ॲपमध्ये कुठेतरी दाखवला की काम झालं. अडचण आली ती मराठीची. गोडो ३ मध्ये ‘शिकार’ लिहिलं की वेलांटी श च्या पुढे जाऊन बसायची. जोडाक्षरं सुटी व्हायची. पोरं हसून लोळली, मी मात्र वैतागलो. मग बटणांवरचे शब्द चित्र म्हणून टाकून वेळ मारून नेली. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं, त्यात देवनागरी नीट जुळते. सगळा प्रोजेक्ट तिकडे हलवला. आज कुणी सुरुवात करत असेल तर त्याने थेट चारच घ्यावं. फॉन्ट ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा घेतला. तो ओपन फॉन्ट लायसनखाली आहे, ॲपसोबत देता येतो, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही.

कोड गिटहबवर होता. यवतमाळच्या एका शिक्षकांनी विचारलं, आमच्या शाळेत थोडा बदलून वापरू का? तेव्हा लायसनचा विषय पहिल्यांदा नीट निघाला. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लायसन न लिहिता कोड नेटवर ठेवला तर तो सगळ्यांना दिसतो, पण बदलायचा आणि पुढे वाटायचा हक्क कुणाला मिळत नाही. एमआयटी की जीपीएल, यावर पोरांची चांगली जुंपली. एमआयटी घेतलं तर कुणीही कोड नेऊन कुलूपबंद करू शकतो. जीपीएलमध्येही नेता येतो, विकताही येतो, पण ज्याला ॲप दिलं त्याला कोडही द्यावा लागतो, त्याच लायसनखाली. आम्ही जीपीएल ३ घेतलं.

‘खेळ तर आजोबा-पणजोबांचा, मग तुम्ही मालक कसे?’ असंही एका पालकांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो. लिहिलेल्या कोडवर, काढलेल्या चित्रावर असतो. डेन्मार्कच्या आर्हूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये ‘फ्रीसिव्ह’ केलं ते याच वाटेने. विकत मिळणाऱ्या ‘सिव्हिलायझेशन’ गेमसारखाच खेळ, पण कोड आपला.

चित्रांसाठी कोडचं लायसन नीट बसत नाही. पोरं ‘झिरो एडी’ खेळायची, त्यात मौर्यांचं सैन्य आहे म्हणून. त्या मुक्त गेममध्ये कोडला जीपीएल आणि चित्र-संगीताला क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए (श्रेय द्या, बदललेलं त्याच अटींवर वाटा), असं वेगवेगळं लायसन आहे. आम्हीही तसंच केलं.

खरी धावपळ इथून पुढे. वाघ नववीतल्या एका मुलीने काढला होता. झकास काढला होता, पण चित्र तिचं, आणि अज्ञान मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही. म्हणून पालकाची सही हवी. तिच्या वडिलांकडे कागद घेऊन गेलो. ते म्हणाले, ‘‘सर, सही कायले पाहिजे? पोरीनं वाघच त काढला, वावर थोडीच इकलं!’’ मी म्हटलं, सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून पालकाचं नाव लिहितात ना, तसंच हे. हे ऐकल्यावर त्यांनी कागद दोनदा वाचला, ‘‘चित्र पोरीचंच राहीन ना?’’ हे विचारून घेतलं आणि मगच सही केली. मला ते आवडलं. राहीलच, कारण हक्क विकत घेतले नव्हते, फक्त वापरायची परवानगी होती.

कागदावर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मधली ही बारीक अट परवान्यालाही लागू होते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बाय-एसएच्या मजकुरात जगभर आणि कॉपीराइट असेपर्यंत, हे दोन्ही आधीच आहे. त्याची प्रत सहीच्या कागदाला जोडली की वेगळं काही लिहावं लागत नाही.

मग आवाज. डरकाळी एका पोराने ‘फ्री’ लिहिलेल्या साइटवरून आणली होती. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानासाठी तयारी करताना तपासलं तर तिच्यावर अव्यावसायिक वापराची अट निघाली. अशी अट असलेला माल मुक्त धरत नाहीत, तिथे ॲपवर तसा शिक्का बसतो. डरकाळी काढून टाकली. बकरीचा आवाज आठवडी बाजारात मोबाइलवर मिळाला. वाघ टिपेश्वरला आहेत, पण डरकाळी आणायला जाणार कोण? शेवटी त्याच पोराने घशातून आवाज काढला, तो आम्ही संथ करून जाड केला. लहान मुलं अजून दचकतात. त्याच्याही वडिलांची सही घेतली.

पुढच्या वर्षी एका पोराला प्ले स्टोअरवर आमचाच वाघ दिसला. ॲपचं नाव दुसरं, मध्ये मध्ये जाहिराती, आमचा उल्लेख कुठेच नाही. ‘‘सर, चोरी झाली!’’ माझंही डोकं तापलं होतं. जाहिराती लावून कमावण्याला जीपीएल आडकाठी करत नाही, हे त्या दिवशी पोरांना सांगताना जिभेवर जड जात होतं. चुकलं होतं ते वेगळंच: कोड दिला नव्हता, लायसन आणि श्रेय काढून टाकलं होतं. बुद्धिबळाच्या ‘स्टॉकफिश’ या मुक्त इंजिनाच्या लेखकांनी अशाच कारणासाठी २०२१ मध्ये चेसबेस कंपनीला जर्मनीतल्या कोर्टात नेलं होतं. २०२२ मध्ये तडजोड झाली. आमची पोच तेवढी नाही. जीपीएल ३ च्या कलम ८ मध्ये मात्र सोय आहे. पहिल्यांदाच चुकलेल्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलं तर त्याचे हक्क कायमचे परत मिळतात. मी तेवढंच साध्या भाषेत मेलवर कळवलं. धमकी नाही, कोर्टाचं नाव नाही. काय करायचं त्याची तीन वाक्यं, आणि आमच्या कोडचा दुवा.

मुदतीच्या आत उत्तर आलं. त्याने श्रेय टाकलं, कोड खुला केला. पोरांनी तो उघडून पाहिला तर शेवटची चाल मागे घ्यायचं बटण त्याने आमच्यापेक्षा चांगलं केलं होतं. आमच्यात मेलेली बकरी कधी कधी परत यायची नाही, त्याच्यात यायची. ते आम्ही घेतलं आणि श्रेयाच्या यादीत त्याचं नाव लिहिलं.

आता पुण्याहून एक पालक विचारतात, आयफोनवर कधी येणार? ॲपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल यांचं जमत नाही. २०११ मध्ये व्हीएलसी प्लेयर तिथून याच वादात काढला गेला होता. वेगळं लायसन द्यायचं तर ज्याचा ज्याचा कोड आत आहे त्या प्रत्येकाची परवानगी लागेल. पोरांचे पालक माहितीतले आहेत, त्यांच्या घरी जाता येईल. पण बटण त्या माणसाचं आहे. त्याला अजून मेल टाकलेला नाही.