बिनमोरचुदाची खळ

पुस्तक बांधायच्या खळीत मोरचूद घालतात. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, खळ चकाकायला लागली की उतरवून चिमूटभर मोरचूद टाकायचा. मग झुरळं, कसर पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत. मोरचूद विषारी असतो. पण पुस्तक कुणी चाटत नाही, एवढ्या एका भरवशावर आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. (बोटाला थुंकी लावून पानं उलटणारी माणसं असतात, त्यांच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही.)

नातीसाठी पहिलं पुस्तक बांधायला घेतलं तेव्हा मोरचूद वगळला. आठ महिन्यांची होती ती. रिमोट, चपलेचा पट्टा, बापाच्या कारखान्याचं ओळखपत्र, जे हाती लागेल ते आधी तोंडात. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्यात पुस्तक कशाला? खाऊन टाकेल ती." म्हटलं, "खाऊ दे की. खाण्याजोगंच बांधतो."

मुलगी-जावई मानेसरला राहतात. गाड्यांच्या धंद्यातल्या मराठी माणसाला चाकण, वाळूज, सातपूर आणि मानेसर ही एकाच गावाची उपनगरं वाटत असावीत, जावई चाकण सोडून इकडे आला तेव्हा घर बदलल्याइतक्या सहज म्हणाला, "बदली झाली." दिल्ली-जयपूर महामार्गाच्या कडेला अरवलीच्या बुटक्या, रापलेल्या टेकड्या आणि त्यांच्यासमोर ही औद्योगिक वसाहत. मारुतीच्या इथल्या कारखान्यातून 2007 पासून गाड्या बाहेर पडताहेत, आणि त्यांच्या मागेपुढे सुटे भाग करणारे कारखाने उगवले. बाकीच्या देशाला मानेसर म्हटलं की काळ्या पोशाखातले कमांडो आठवतात. मला आता पुठ्ठा आठवतो.

पुठ्ठ्याची इथे ददात नाही. खोकी भरून सुटे भाग येतात, रिकामी खोकी रद्दीत जातात. पण तो नालीदार पुठ्ठा, आत पोकळ. बाळाच्या हिरड्यांखाली त्याचा पाच मिनिटांत लगदा होतो. बांधणीला हवा करडा, भरीव पुठ्ठा. त्यासाठी मानेसरहून बसने गुरुग्रामच्या मिलेनियम सिटी सेंटरला गेलो आणि तिथून मेट्रोची पिवळी लाइन धरून थेट चावडी बाजारला उतरलो. जुन्या दिल्लीतला हा कागदाचा बाजार. जिना चढून वर आलो तर हातगाड्या, रिक्षा, लग्नपत्रिका आणि कागदाचा तो कोरडा, किंचित आंबूस वास. पुण्यातली आमची बाइंडिंगची खोली बंद झाल्यापासून तो वास नाकाला भेटलाच नव्हता. दुकानदाराने विचारलं, कशाला हवा? फाइली? म्हटलं, नात खाणार आहे. त्याने हसून एक ताव जास्त दिला.

सहा पुठ्ठे कापले. कोपरे पटाशीने गोल केले, काचकागदाने घासले, गालावर फिरवून पाहिले. आजी पुण्यात असते, तिने आपल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे पाठवले होते. ते वरून चढवले. दोन पुठ्ठ्यांमधला सांधाही कापडाचाच, म्हणजे पुस्तक उताणं पडलं की सपाट राहतं, मिटून बोटं चिमटत नाही. चित्रंही कापडाचीच, टाके घालून बसवलेली: तपकिरी खणाची चिऊ, मोडक्या छत्रीच्या कापडाचा काऊ, पिवळा दिवा, लाल वाटी. अक्षर एकही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं शिवली, हे माझं पहिलं पुस्तक आणि त्यात अक्षरच नाही.

तिने ते उलटं धरलं. मग चावलं. मग जमिनीवर आपटून आवाज कसा येतो ते ऐकलं, पुन्हा आपटलं. मी बघत बसलो. गिऱ्हाइकाने माल तपासावा तसा ती तपासत होती, आणि खरं सांगायचं तर ग्रंथालयवाल्यांपैकी कुणी माझी बांधणी इतकी निरखून पाहिली नव्हती.

लहान बाळ तोंडानेच जग वाचतं, हे मला आता कुणी नव्याने सांगायला नको. तरी एक प्रयोग वाचला तेव्हा गंमत वाटली. अमेरिकेत 1986 मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोघा अभ्यासकांनी गरोदर बायकांना शेवटच्या दीड महिन्यात रोज एक ठरावीक गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितलं. बाळं जन्मल्यावर दोनतीन दिवसांत त्यांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय एका बाजूला झुकली की ती जुनी गोष्ट ऐकू यायची, दुसऱ्या बाजूला झुकली की नवी. बाळांनी जुनी चोखून घेतली. अभिमन्यूचं नाव इथे हमखास निघतं, मी काढत नाही. मला भावलं ते एवढंच की त्यांना निवड करायला हात नव्हते, शब्द नव्हते, तेव्हा त्यांनी तोंड वापरलं.

डोळे नंतर येतात. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते वीतभर, फार तर सव्वा वीत अंतरावरचं. म्हणजे मांडीवर घेतलेल्या बाळाला घेणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि त्यापलीकडे धुकं. पुस्तक येतं ते या अंतरात, चेहऱ्याला खेटून. म्हणून वाचून दाखवताना मी पुस्तक लांब धरत नाही. ती माझ्या पोटाला पाठ लावून बसते, पुस्तक तिच्या पायांवर, माझी हनुवटी तिच्या टाळूवर. गोष्ट तिला कानाइतकीच पाठीतून ऐकू येत असणार. काऊचा आवाज घोगरा काढला की ती मान वर करून माझ्या गळ्याकडे बघते, तिथेच काऊ बसलाय अशा संशयाने.

गोष्ट पुरी होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी त्याला एकेक कारण सांगत थांबवून ठेवते. हे सगळं सांगायला जो वेळ लागतो तेवढा आम्हाला मिळत नाही. पान उलटण्याचा अधिकार तिचा. ती दोन पानं एकदम उलटते, पुन्हा मागे येते, पावसाच्या आत दिवा लागतो, वाटी दोनदा येते आणि कावळा मुळी भिजतच नाही. मुलगी सुरुवातीला पुस्तक हातातून काढून नीट करून द्यायची. मी म्हटलं, राहू दे. पान उलटलं की पलीकडे काहीतरी वेगळं निघतं, हा शोध लावणारीला कावळ्याची घाई नसते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं दुरुस्तीला यायची. टेबलावर पुस्तक पाठीवर ठेवून हात काढला की ते आपोआप एका जागी उघडायचं. लोकांनी जे पान जास्त वाचलं तिथला फर्मा, म्हणजे शिवलेल्या पानांची जुडी, सैल झालेला असतो, शिलाई दमलेली असते. कादंबरी न वाचता मी सांगू शकायचो, रस कुठे आहे. मग तो फर्मा घट्ट करून, खळ भरून, पुस्तक पुन्हा कोरं-करकरीत करून पाठवायचो, म्हणजे वाचणाऱ्यांची खूण पुसून. तेच माझं काम होतं आणि मी ते चोख करत होतो. नातीचं पुस्तक दीड महिन्यात काऊच्या पानावर उघडायला लागलं. छत्रीच्या कापडाचा एक पंख ओला, चघळून तंतू सुटलेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तेवढं शिवून टाका ना." मी सुई काढली नाही.

शिवावं लागलं ते वेगळ्याच कारणाने. मोरचूद नाही म्हटल्यावर मुंग्यांनीही पुस्तकाचा आस्वाद घेतला. दुसरी प्रत केली.

घरात मराठी बोलणारे आम्ही तिघेच. लिफ्टमध्ये हिंदी, भाजीवाल्याकडे हरियाणवी ठसक्याची हिंदी, आणि दिवसभर बाळाला सांभाळणारी दीदी मुर्शिदाबादकडची. ती बाळाशी बंगालीत बोलते आणि फार गोड बोलते. मला त्यात काही वावगं वाटत नाही, बाळाच्या कानाला जागा पुष्कळ असते. अडचण आजीची झाली. तिचे गुडघे तिला इकडे येऊ देत नाहीत, आणि गोष्ट सांगण्यात तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी वर. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा; आजी तिकडून रंगात येऊन सांगायची आणि इकडे नात फोन चाटायची.

सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये असाच एक प्रश्न तपासला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं बसली, चित्रांची पुस्तकं वाचली, खेळणी खेळली, अशा बारा बैठका झाल्या. त्या बाळांचे कान चिनी ध्वनी ओळखायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तीच पुस्तकं पडद्यावर दाखवली. त्यांना काही म्हणजे काही उमगलं नाही. हे मी आजीला सांगितलं नाही, कशाला सांगू? शिवाय पुढे 2014 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांना असंही आढळलं की पडद्यावरचं माणूस मुलाला तिथल्या तिथे उत्तर देत असेल, तर दोन-अडीच वर्षांची मुलं त्यातून नवे शब्द उचलतात. म्हणजे आजीला थोडी वाट पाहावी लागेल एवढंच. तोवर आम्ही तोडगा काढला. पुस्तकाची तिसरी प्रत पुण्याला पाठवली. आता आजी तिकडे पान उलटते, मी इकडे तेच पान उलटतो. आवाज तिचा, मांडी माझी. नात एकदा पडद्यावरच्या काऊकडे बघते, एकदा पायांवरच्या, आणि जो चावता येतो तो घेते.

मानेसरातच महामार्गालगत राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. 2003 च्या डिसेंबरात राष्ट्रपती अब्दुल कलामांनी ते देशाला अर्पण केलं. गाडी त्यावरून गेली की मी मान वळवून बघतो. देवनागरी वाचताना मेंदूत काय होतं हे इथल्या नंदिनी चटर्जी-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून पाहिलं. वाचनाचं काम बहुतेक मेंदूच्या डाव्या बाजूचं. देवनागरीत मात्र मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे लागतात, ऱ्हस्व वेलांटी तर लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, म्हणून उजवीकडच्या काही भागालाही हात लावावा लागतो. वाचनात अडखळणारी मुलं हेरायला त्यांनी साधनं बनवली, त्यांत हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. आम्ही फर्मे जुळवत होतो तेव्हा वाचणाऱ्याच्या डोक्यात इतकी धावपळ चालते, याची कल्पना नव्हती. नातीला त्या वेलांटीपर्यंत पोचायला अजून चारपाच वर्षं आहेत. मला घाई नाही. घाई इमारतीतल्या काही आयांना आहे. एकीने तर बाळ दहा महिन्यांचं नाही तोच भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावलाय आणि रोज छडीने दाखवते. ते बाळ छडीकडे बघतं. छडी हलते ना.

नोव्हेंबर लागला की इथली हवा बाळाला बाहेर नेण्यासारखी राहत नाही. खिडक्या बंद, टेकड्या गायब, दिवस घरात. पुस्तकांचा खप या दिवसांत वाढतो. पुण्याहून ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं मागवली, माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' आलं. ते अजून तिच्या वयाचं नाही, पण त्यातली माणसं घरातल्यासारखी बसतात-उठतात आणि मला वाचायला आवडतं, हे कारण पुरेसं आहे. वाचणाऱ्यालाच कंटाळा आला की बाळाला तो आवाजातून लगेच कळतो. काही पातळ पुस्तकं पिना मारलेली होती. पातळ पुस्तकाला जगभर पिनाच मारतात, त्यात गैर नाही. पण बाळाच्या तोंडात लोखंड नको म्हणून मी रात्री बसून पिना काढल्या आणि दोऱ्याने तीन टाक्यांची शिलाई घातली. हात अजून थरथरत नाही, हेही त्या निमित्ताने समजलं.

आता ती अकरा महिन्यांची आहे आणि बोट दाखवायला शिकली आहे. बाल्कनीतून रस्त्याकडे बोट. तिथून गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर जातात, खाली चार गाड्या, वर चार, सगळ्या नव्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. चिमण्या इथे क्वचित दिसतात, मोर पुष्कळ; पण तिला मोराचंही कौतुक नाही. ट्रेलर आला की ती दोन्ही हात हलवून सगळ्या घराला बोलावते. तेव्हा पुढचं पुस्तक ट्रेलरचं. पान उलटायचं नाही, उलगडायचं: एकाला एक जोडलेले पुठ्ठे, सगळे सांधे कापडाचे, प्रत्येक पुठ्ठ्यावर एक गाडी. जावई म्हणाला, 2025 पासून कारखान्याच्या आतच रेल्वेचा रूळ आलाय, गाड्या आगगाडीनेही जातात. मग मागे डबेही जोडा. हिशेब केला तर पुस्तक दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं. पुठ्ठा पुरणार नाही. रविवारी चावडी बाजार बंद असतो, सोमवारी जाईन.

मुलगी विचारते, एवढं लांब पुस्तक ठेवायचं कुठे? ठेवायचंय कुणाला!