१७६ नंतर पुन्हा १६१

“इतके वर्षं काय करून राहिले होते तुम्ही?” नागपूरच्या दुकानातल्या माणसानं फोनवर विचारलं आणि वर हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

मी पांढुर्ण्याचा. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण शाळा हिंदी, कचेरी हिंदी, मराठी काय ती घरात आणि बाजारात. संत्री इथून ट्रक भरभरून बाहेर जातात. मराठी कादंबरी हवी तर मात्र नागपूर गाठावं लागतं. त्यामुळे आमच्यासारख्यांची पुस्तकखरेदी म्हणजे पावसाळ्याआधी धान्य भरून ठेवणं. आज हवं असो-नसो, दिसलं की घ्यायचं. नोकरीत असताना नागपूरहून परतलो की बायको हातातल्या पिशवीकडे बघून विचारायची, “पहिलेची वाचली काय?” मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर वाचीन.

तर रिटायर झालो. दिवाणातली, अलमारीवरची, देवघराशेजारच्या फळीवरची सगळी पुस्तकं खाली काढली, कसर झटकली आणि वाचायला बसलो. सुरुवात फार चांगली झाली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ इतकी वर्षं घरात पडून होती, आणि त्यात आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या खुणा आहेत हे मला माहीत नव्हतं. नारायण वामन टिळकांना बायबल मिळालं ते नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. मग गडकऱ्यांची नाटकं. गडकरी गेले ते सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. नागपूरहून येताना त्याच सावनेरला रस्ता फाटतो, एक सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलला. त्या फाट्यावर मी आयुष्यभर चहा प्यायलो आणि गडकरी पिशवीत तसेच न वाचलेले. नेमाड्यांची ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली आल्या आल्या घेतली होती. नावातच अडगळ असल्यानं तिच्यावरून घरात बरेच विनोद झाले. ती अजून अर्धी आहे, सोडलेली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. मी त्या दिवशी बाहेर पडत नाही. एक जाड सामाजिक कादंबरी घेऊन बसलो होतो. नाव लिहीत नाही. प्रकाशन मोठं आहे. रंगात आलो होतो. पान १७६ संपलं आणि समोर १६१. पुन्हा तीच विहीर, तोच सावकार, तेच भांडण. १७६ पर्यंत सगळं जसंच्या तसं, आणि मग एकदम १९३. एक फर्मा दोनदा लागलेला, १७७ ते १९२ ही सोळा पानं नाहीतच.

ज्यांनी बांधणीचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. अशा फर्म्यांचे ढीग ओळीनं मांडतात आणि प्रत्येक ढिगातला एकेक उचलून पुस्तक जुळवतात. उचलणाऱ्याचा हात चुकला तर एखादी प्रत बिघडते. होतं माणसाच्या हातून. पण पुढे ऐका.

त्या दिवशी नागपुरात मारबत, दुकानं बंद असतील म्हणून फोन दुसऱ्या दिवशी लावला. पुस्तक कधी घेतलं, पावती आहे काय, अशी विचारपूस झाली आणि मग तो प्रश्न. आवृत्ती संपली, बदलून मिळणार नाही. आता मला सांगा, पंखा बिघडलेला निघाला तर बटण दाबताच कळतं. पुस्तकाचा दोष १७६ पानं वाचल्याशिवाय दिसत नाही. दोष त्यांचा, आणि उशीर केला म्हणून गुन्हेगार मी! वर तो म्हणाला, “त्या लॉटमधली एकाचीही तक्रार नाही आली, काका.”

सौंसरला माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. ही कादंबरी त्यांनीही नागपूरच्या त्याच दुकानातून घेतलेली. महिला मंडळात त्या तिच्यावर बोललेल्याही होत्या. जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्यांनी भरलेल्या बसमध्ये उभा राहून सौंसर गाठलं. बाईंनी प्रत काढून दिली. उघडली. १७६, नंतर १६१.

म्हणजे हात चुकलेला नव्हता, बाराव्या फर्म्याच्या जागी अकराव्याचा ढीगच ठेवलेला होता. त्या लॉटमधल्या किती प्रती अशा गेल्या असतील? आणि एकाचीही तक्रार नाही!

“बाई, वाचताना अडलं नाही काय?”

“अडलं ना भाऊ. पण मले वाटलं, लेखकानं मुद्दाम केलं असन. आजकाल करतात ना असं, तेच ते पुन्हा सांगतात.”

मी आधी हसलो, मग हसू विरलं. निदान त्यांनी वाचलं तरी होतं. त्यांच्या पुण्याच्या भाचीनं कुठून तरी चांगली प्रत मिळवून सोळा पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. नायकाच्या बहिणीचं लग्न ठरतं आणि मोडतं, एवढंच त्यात आहे. पुढे ती कायम माहेरी का, हे मला आता कळलं. बाईंना ते न वाचताही खटकलं नव्हतं. म्हणाल्या, “त्यात सांगाचं काय, घरोघरी असते एखादी.” त्यांचं खरं असेलही, त्या पानांवाचून कादंबरीचं काही बिघडत नाही. तरी मी फोटोंच्या झेरॉक्स काढून पुस्तकात घातल्या आणि राग होता तिथेच राहिला. सोळा पानं फालतू होती की महत्त्वाची, हे मी ठरवणार, ढीग लावणारा नाही.

दुकानदारावरचा राग मात्र आताशा थोडा बदलला आहे. तक्रार आली नाही हे तो खोटं बोलत नसावा. तक्रार यायला कुणीतरी १७६ पानांपर्यंत पोचायला हवं. नागपूर, वर्धा, अमरावती, जिथे जिथे ती प्रत गेली असेल, तिथे ती अशीच कुठल्या तरी दिवाणात पडली असणार.

नव्या खरेदीवर मी बंदी घातली होती, ती मोडली. पण आता दुकानातच उभं राहून पानांचे आकडे पाहतो. मागचे लोक कुरकुरतात, कुरकुरू देतो. तुमच्याही घरी न वाचलेली पुस्तकं असतील. वाचायचं तेव्हा वाचा, पण पावती हाताशी आहे तोवर आकडे तरी तपासून घ्या.