लिहिलेला दगड

तुर्कस्तानची राजधानी अंकारा. तेथून पूर्वेकडे बसने सुंगुर्लू गाठायचे आणि पुढे टॅक्सीने तीसेक किलोमीटरवर बोआझकाले हे छोटे गाव. गावाच्या वरच्या उघड्या माळावर हत्तुशा या नगराचे अवशेष पसरले आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे हित्ती लोकांची राजधानी होती. नगराच्या बाहेर, साधारण दोन किलोमीटरवर, त्यांचे खडकातले देवस्थान आहे. तुर्की भाषेत त्याला याझिलीकाया म्हणतात, म्हणजे लिहिलेला दगड.

आपल्याकडची लेणी पाहिलेला माणूस येथे आल्यावर आत शिरायचे दार शोधू लागतो. पण डोंगर पोखरून केलेले दालन येथे नाही. नैसर्गिक खडकांच्या दोन घळी आहेत, वर मोकळे आभाळ. पुढे देवळाची इमारत होती, तिचा आता नुसता पाया उरला आहे.

मोठ्या घळीत साठाहून अधिक आकृत्या कोरल्या आहेत. डाव्या भिंतीवर देवांची रांग, उजव्या भिंतीवर देवींची. देवांच्या डोक्यावर उंच निमुळत्या टोप्या, पायांत टोके वर वळलेले जोडे. देवींचे घागरे चुणीदार, पायघोळ. दोन्ही रांगा समोरच्या भिंतीवर येऊन भेटतात. तेथे वादळाचा देव तेशुब आणि त्याची पत्नी हेपात समोरासमोर उभे आहेत. गंमत अशी की शौश्का नावाची देवी आपल्या दोन दासींसह पुरुषांच्या रांगेत चालते आहे. ही शिल्पे फार उथळ आहेत. ऊन बाजूने पडले तर दिसतात, ढग आला की दगड पुन्हा कोरा.

यातली नावे हित्ती भाषेतली नाहीत, शेजारच्या हुरी लोकांच्या भाषेतली आहेत. राजा तिसरा हत्तुशिली याची राणी पुदुहेपा ही दक्षिणेकडच्या एका पुरोहिताची मुलगी. माहेरचे देव तिने राजधानीत मानाने आणले. ही बाई नुसती अंतःपुरात बसणारी नव्हती. इ.स.पूर्व १२५९ मध्ये इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसशी तह झाला, त्यावर राजाबरोबर तिचीही मोहोर होती. तिचा मुलगा चौथा तुधालिया याने येथील बरीचशी शिल्पे करून घेतली असे मानतात.

परक्या देवांना एवढा मान देणारे राज्य, असे वाटून मन सुखावते. पण १९०६ पासून हत्तुशाच्या उत्खननात मातीच्या हजारो पाट्या मिळाल्या. त्यांत याच घराण्यातला आधीचा राजा दुसरा मुर्शिली याचा वृत्तांत आहे. अर्झावा हा पश्चिमेचा प्रदेश जिंकल्यावर तेथील ६६,००० माणसे आपण राजवाड्यासाठी आणली असे तो सांगतो. सरदारांनी आणि सैनिकांनी नेली ती वेगळीच. अशी उचलून आणलेली कुटुंबे शेतीला, पहाऱ्याला, देवळांच्या चाकरीला लावत. परक्या देवांची नावे दगडावर आहेत, परक्या माणसांचा फक्त आकडा आहे. ज्यांनी हा खडक तासला, त्यांचा तर आकडाही नाही. मला ती रांग पाहताना राहून राहून हेच आठवत होते.

दुसरी घळ अरुंद आहे. तोंडाशी सिंहमुखी, पंख असलेले दोन राखणदार. आत पाताळाचे बारा देव, खांद्यावर कोयत्यासारख्या तलवारी घेऊन, एकाच्या मागे एक निघालेले. ही घळ बरीच वर्षे मातीने भरलेली होती, म्हणून त्यांचे चेहरे अजून रेखीव आहेत. समोर शर्रुमा देवाने तुधालिया राजाच्या गळ्यात हात टाकला आहे. आई बाळाला सांभाळून नेते, तसेच ते दिसते. राजा गेल्यावर त्याचे स्मारक म्हणून ही घळ केली असावी, असे अभ्यासक म्हणतात. टोकाला त्याचा मोठा पुतळा होता असे मानतात. इ.स.पूर्व १२०० च्या सुमारास हत्तुशा ओस पडले. १८३४ मध्ये शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी येथे पोहोचला, तेव्हा ही शिल्पे कोणाची हे सांगणारे कोणी नव्हते. पुतळा गेला आहे, दगडी बैठक तेवढी तेथे आहे.