रक्त वाढवणारा घटक: परळच्या प्रयोगशाळेपासून आजच्या संवर्धनबशीपर्यंत

१/ रक्तपेशी शरीराबाहेर वाढवायच्या, तर त्यांना दोन गोष्टी द्याव्या लागतात: अन्न आणि आज्ञा. अन्न म्हणजे माध्यमातील साखर, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे. आज्ञा म्हणजे वृद्धिघटक, म्हणजे पेशीला ‘विभाजित हो’ असे सांगणारी प्रथिने. यांपैकी पहिल्या गोष्टीच्या शोधाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईच्या परळात सापडतो.

२/ १९२८. गिरण्यांची मुंबई. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून (पेण, वडखळ, रोहा हा मुलूख तेव्हा कुलाब्यात मोडे) माणसे पोटासाठी या शहरात येत. त्याच शहरात गरोदर स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय ग्रासत होता. तांबड्या पेशींची संख्या घटे. ज्या उरत, त्या नेहमीपेक्षा मोठ्या असत. अनेक स्त्रिया त्यातून वाचत नसत.

३/ या विकाराच्या अभ्यासासाठी लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. आधी जंतूंचा संशय तपासला गेला, पुरावा मिळेना. मग विल्स आणि तळपदे यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुस्लिम स्त्रियांचा होता, आणि विकारही त्यांच्यातच अधिक होता.

४/ पुढची पायरी प्रयोगाची. विल्स आणि बिलिमोरिया यांनी माकडांना तसाच उणा आहार दिला, आणि माकडांतही तसाच रक्तक्षय उद्भवला. कारण रक्तात शिरलेल्या कशात नव्हते. ताटात नसलेल्या कशात होते.

५/ उपाय सापडला तो अगदी साधा: मार्माइट, म्हणजे मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क. तो दिल्यावर रुग्ण स्त्रियांचे रक्त सुधारू लागले. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निष्कर्ष छापून आला. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ हे नाव पडले.

६/ विल्स यांची खरी सूक्ष्मदृष्टी याच्याही पुढची आहे. घातक रक्तक्षयावर यकृत गुणकारी असते, हे मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले होते. पण शुद्ध केलेला यकृत-अर्क या स्त्रियांना लागू पडेना. अशुद्ध अर्क मात्र पडे. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निसटत होते. अर्थात, घटक दोन होते. एक पुढे ब-१२ ठरला, दुसरा फोलिक आम्ल.

७/ १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हे आम्ल वेगळे झाले. ‘फोलियम’ म्हणजे पान, त्यावरून नाव. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, ते कृत्रिमरीत्या तयार झाले. डीएनए घडवण्यासाठी ते अत्यावश्यक असते. ते नसेल तर पेशी फुगते, पण विभागू शकत नाही. मुंबईतील त्या मोठ्या तांबड्या पेशींचे कोडे असे उलगडले.

८/ मग उलटा प्रश्न आला: हाच पुरवठा रोखला तर? १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी फोलिक आम्लाला अडवणारे औषध वापरून रक्तकर्करोगाच्या मुलांत आजार काही काळ मागे हटवून दाखवला. त्याच काळानंतर प्रयोगशाळेतील पेशींच्या संवर्धन-माध्यमांतही फोलिक आम्लाने कायमची जागा घेतली.

९/ अन्न मिळाले. आज्ञा अजून हवी होती. १९६० च्या दशकाच्या मध्यास इस्राएल आणि ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनी आगरमध्ये अस्थिमज्जेच्या पेशींच्या वसाहती वाढवल्या. त्या आज्ञा देणारी प्रथिने शरीरात इतकी अल्प असतात की १९७७ मध्ये मियाके, कुंग आणि गोल्डवासर यांना एरिथ्रोपोएटिन शुद्ध करण्यासाठी रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र लागले.

१०/ रिकॉम्बिनंट तंत्राने हा हिशेबच बदलला. मानवी जनुक जिवाणूत किंवा प्राणीपेशीत बसवायचे आणि प्रथिन तिच्याकडून घडवून घ्यायचे. १९८० च्या दशकात एकामागून एक रक्तवृद्धिघटकांची जनुके हाती आली. आज कुपीत मायक्रोग्रॅमने मिळणारा वृद्धिघटक त्याच परंपरेतला आहे.

११/ हा इतिहास सहसा विजेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. पण त्याचा आरंभ ज्यांच्या रक्तापासून झाला, त्या स्त्रियांचे नाव कोणत्याही घटकाला नाही. शोधनिबंधांत त्या ‘रुग्ण’ म्हणून येतात आणि आकड्यांत विरून जातात. त्यांनी विज्ञानाला दिलेली गोष्ट मोठी होती: त्यांच्या उण्या ताटाने प्रश्न विचारला, त्यांच्या सुधारलेल्या रक्ताने उत्तर दिले.

१२/ आणि तो प्रश्न संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. आजचे कारण बहुधा लोहाची उणीव असते, फोलिक आम्लाची त्या मानाने कमी. गरोदर स्त्रीला सरकारी आरोग्यकेंद्रात मिळणाऱ्या गोळीत म्हणूनच दोन्ही असतात. त्या गोळीतला एक घटक परळच्या वाटेने आलेला आहे. तो रोज पोचतो का, आणि सोबत ताटात काय पोचते, हा प्रश्न मात्र १९३० सालच्या पाहणीइतकाच आजचाही आहे.