जाळी की काच

घरी संगणक जोडायचा म्हटलं की बाकीचे भाग आकडे पाहून ठरतात. प्रोसेसरला कोअर किती, रॅम किती जीबी, ग्राफिक्स कार्ड किती वॅट खातं, हे कागदावर मांडलं की दोन पर्यायांत डावं-उजवं करता येतं. कॅबिनेटच्या बाबतीत आकडे थोडा वेळ सोबत करतात आणि मग रस्त्यातच सोडून जातात. लांबी-रुंदी कळते, पंखे किती बसतील ते कळतं. पण हा डबा कुठल्या खोलीत, कुणाच्या उशाशी, कुठल्या रस्त्याच्या धुळीत राहणार आहे, हे कुठल्याही तक्त्यात छापलेलं नसतं. संगणकाचा हा एकच भाग निवडताना आपल्याच घराकडे नीट पाहावं लागतं.

आमचं घर नागपुरात, सतत खोदकाम चालू असलेल्या एका रस्त्याला लागून. बहिणीचा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला आणि उन्हाळ्यातच त्यानं संगणक जोडायला घेतला. वहीच्या पानावर त्याची यादी तयार होती. प्रत्येक भागापुढे मॉडेल आणि किंमत. कॅबिनेटपुढे नुसती रेघ. "ते तू ठरव मामा," असं म्हणून त्यानं माझा मान राखला, असं मला वाटलं. दुकानात गेल्यावर कळलं, की त्याचं मन केव्हाच काचेवर बसलेलं होतं.

सीताबर्डीतल्या त्या दुकानात कॅबिनेटं छतापर्यंत रचलेली. निम्म्याहून अधिक काचेची. आत पंखे निळे, जांभळे, हिरवे होत फिरताहेत. "काचेचंच घ्या भाऊ, सगळी पोरं आता तेच घेऊन राहिली," दुकानदार म्हणाला. मी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून पाहत होतो. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. वाजवला की पोकळ आवाज उमटतो आणि लांबत जातो. तोच पत्रा पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेला की ठक करून गप्प बसतो. पंख्याची थरथर पुढे त्या घरात कशी ऐकू येणार, ते या एका टिचकीत बरंचसं कळतं. मग आत हात घालून कडा चाचपायच्या. कडा दुमडलेल्या असतील तर बनवणाऱ्यानं जोडणाऱ्याच्या हातांचा विचार केला आहे. नसतील तर पहिल्याच दिवशी रक्त निघतं. संगणक जोडणाऱ्या कुणाचीही बोटं पाहा.

हा डबा मुळात आला कुठून? 1976 साली ॲपलचा पहिला संगणक विकायला आला, तो नुसता मदरबोर्ड म्हणून. कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि पेटी ज्याची त्यानं आणायची. कित्येकांनी लाकडाच्या पेट्या करून घेतल्या. त्यांतल्या काही आता संग्रहालयांत आहेत, आणि आतल्या चिपांपेक्षा मला त्या पेट्यांचंच अप्रूप वाटतं. कुणीतरी रंधा मारला होता, कुणीतरी पॉलिश केलं होतं. आयबीएमनं 1981 मध्ये आपला पीसी आणला तो पोलादी पत्र्यात. पत्रा नुसता मजबुतीसाठी नव्हता. संगणकातले लहरींचे ठोके बाहेर पडून शेजाऱ्यांच्या रेडिओत, टीव्हीत खरखर करत, आणि अमेरिकेत 1979 पासून त्यावर नियमच आले होते. धातूची पेटी तो गोंगाट आतच कोंडते. 1984 च्या पीसी-एटीला तर दर्शनी बाजूला कुलूप होतं. किल्ली फिरवली की कीबोर्ड मुका आणि झाकण बंद.

मात्र घरी संगणक जोडणाऱ्याचे खरे दिवस 1995 मध्ये आले. इंटेलनं एटीएक्स नावाची मापं जाहीर केली: बोर्ड 305 मिलिमीटर लांब, 244 रुंद, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, मागची जोडणीची खिडकी तमुक ठिकाणी. त्याआधीच्या टॉवर कॅबिनेटांत भिंतीतून आलेली 230 व्होल्टची वायर थेट पुढच्या बटणापर्यंत यायची. एटीएक्समध्ये बटण दाबणं म्हणजे बोर्डाला दिलेली एक बारीकशी खूण झाली. तीन दशकं झाली, तरी ती भोकं आपल्या जागेवरून हललेली नाहीत. 1997 मध्ये 244 मिलिमीटरचा चौकोनी मायक्रो-एटीएक्स आला, 2001 मध्ये व्हिया कंपनीनं 170 मिलिमीटरचा इवलासा मिनी-आयटीएक्स आणला. दोघांनीही मोठ्या बोर्डाचीच काही भोकं वापरली, म्हणून छोटा बोर्ड मोठ्या घरात सुखानं राहतो. तैवानमधला बोर्ड, चीनमधला पत्रा, आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या कारखान्यांनी इतकी वर्षं पाळलेला हा करार. राज्यं एवढी टिकत नाहीत!

आमच्या माळ्यावर जुनं कॅबिनेट पडून होतं. भाच्यानं नवा बोर्ड त्यात धरून पाहिला, तर भोकं तंतोतंत जुळली. तेच वापरावं असं मला क्षणभर वाटलं. पण नवं ग्राफिक्स कार्ड तीनशे मिलिमीटरच्या वर, आणि ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर जाऊन थडकत होतं. पुढची बाजू सीडी ड्राइव्हच्या खणांनी भरलेली, हवेला शिरायला खाली एक फट. जुळलेल्या भोकांचं समाधान मानून ते पुन्हा माळ्यावर गेलं. त्यातले स्क्रू मात्र आम्ही ठेवून घेतले. संगणकाच्या स्क्रूंत दोन जाती असतात: एक इंचाच्या मापाची, इंचाला बत्तीस आटे, दुसरी तीन मिलिमीटरची, आटे अधिक दाट. नजरेला सारख्याच. चुकीचा स्क्रू एक-दोन वेढे आनंदानं आत जातो आणि मग आटे खातो. कुणी अजून इंचात मोजतं आणि कुणी मिलिमीटरात, याची आठवण एवढ्याशा पुडीत बांधून येते.

पण नागपुरात कॅबिनेट घ्यायचं तर खरी गोष्ट हवेची. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो हे सांगायला नको. संगणकातला पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे आतला कुठलाही भाग खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोलीपेक्षा तो किती अंश वर राहील, एवढंच आपल्या हाती. खोली 25 अंशांवर असताना प्रोसेसर 65 पर्यंत जात असेल, तर खोली 42 वर पोचली की तोच प्रोसेसर तेवढंच काम करताना 82 च्या घरात जाणार. पुढून सपाट काच आणि बाजूला दोन बोटांची फट, असली कॅबिनेटं ज्या खोल्यांसाठी शोभतात त्या खोल्यांत एसी असतो. आमच्या खोलीत कूलर आहे.

कूलरची गोष्टही जरा सांगण्यासारखी आहे. ताट्या ओल्या करून तो जी हवा फेकतो ती माणसाला स्वर्गीय वाटते. संगणकालाही ती वाटेल, असं भाच्याचं म्हणणं होतं. कॅबिनेट कूलरच्या झोतातच ठेवू, म्हणजे पंखे कमी लागतील. त्याला मी महिनाभर चाललेल्या ताटीवरचा पांढरा थर दाखवला. आमचं पाणी जड; त्यातले क्षार हवेच्या झोतात शिंतोड्यांबरोबर उडतात. त्यात रस्त्याची धूळ मिसळली की ओलसर चिखलाचं सूक्ष्म लिंपण सुरू होतं. खोली कूलरनं गार व्हावी, झोत मात्र कॅबिनेटच्या अंगावर येऊ नये, यावर आमची तडजोड झाली.

वारा खेळवण्याचं शास्त्र जुन्या वाड्यांना ठाऊक होतं, समोरासमोर खिडक्या आणि वर झरोका. कॅबिनेटमध्येही पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, हीच वाट. एक फरक आहे: ऊन हवा आपोआप वर चढते हे खरं असलं, तरी एवढ्याशा डब्यात त्या चढण्याला जोर नसतो; पंखे जिकडे ढकलतील तिकडे ती जाते. म्हणून आत ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जरा वरचढ ठेवायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर बारीक जाळीचं फिल्टर बसवायचं. आत दाब किंचित जास्त राहिला की फटींतून हवा बाहेर पडते, आणि धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडकते. उलट केलं तर प्रत्येक फट धूळ ओढते. फिल्टर काढून नळाखाली धुता येणारं हवं. त्यासाठी कॅबिनेट आडवं पाडावं लागत असेल, तर ते कुणीही धूत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

पंख्यांवर राग असणारी माणसंही होऊन गेली. स्टीव्ह जॉब्जना पंख्याचा आवाज खपत नसे. त्यांच्या हट्टापायी 1980 चा ॲपल थ्री पंख्याविना निघाला. चिपा तापून सॉकेटमधून सैल होऊ लागल्या, तेव्हा संगणक दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा, असा सल्ला गिऱ्हाइकांना देण्याची पाळी कंपनीवर आली. तरी वीस वर्षांनी त्यांनी जी-फोर क्यूब हा देखणा पारदर्शक घन काढला, तोही पंख्याविनाच. हट्ट वेडा म्हणावा, पण त्यामागची तक्रार मला पटते. आमच्याकडे संगणक राहणार त्याच खोलीत आई झोपते. तिला झोपेत कसलीही घरघर चालत नाही आणि भाच्याचा दिवस रात्री अकराला उजाडतो. उपाय सोपा होता: पंखे मोठे घ्यायचे. 140 मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा हलवतो, जेवढीसाठी 80 मिलिमीटरच्या पंख्याला किंचाळावं लागतं. कॅबिनेट थोडं मोठं झालं, आईची झोप वाचली.

पत्र्याचा आणखी एक स्वभाव आपल्याकडच्या घरांतच कळतो. उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर वाहिनीतला थोडासा ताण पत्र्यावर आणून सोडतात. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटांतून वाट शोधतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, म्हणून लोक हसून सोडून देतात. हसू नये. नवं कॅबिनेट घरी येण्याआधी मी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घेतली.

उरली काच. मी तिच्या विरोधात होतो. काचेनं हवा अडते, आणि कडक केलेली ती काच फरशीवर कडेनं टेकली की कधीकधी क्षणात खडे होऊन सांडते. सिरॅमिकची टाइल काचेहून कठीण असते आणि कडा हीच काचेची नाजूक जागा. आपली घरं म्हणजे टाइल्सचाच पसारा. हे सगळं मी दुकानात सांगितलं. भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, एवढं सगळं आपण हातानं लावणार, एकेक वायर ओढून बांधणार, आणि मग पत्र्यानं झाकून टाकणार?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या पिढीनं संगणक टेबलाखाली कोंबला, वर कव्हर घातलं, त्यावर क्रोशाचा रुमालही टाकला. यंत्र हे लपवायचं, असं आम्हाला कुणीतरी शिकवलं होतं. या मुलांना त्याच्या पोटातलं दिसायला हवं असतं, आणि दिसणार म्हटल्यावर ती वायरी नीट बांधतात. रंगीत दिव्यांचं मला अजूनही हसू येतं. वायरींची शिस्त मात्र काचेमुळेच येते, हे मान्य करावं लागलं.

शेवटी पुढून पूर्ण जाळी, डाव्या अंगाला काच, उजवीकडे जाड पत्रा, असं कॅबिनेट घेतलं. काच काढली की ती आईच्या गोधडीवर निजवायची, फरशीवर कधीच नाही, हा नियम भाच्यानंच केला. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच ठेवलं. एसएमपीएस खालून हवा ओढतो आणि सकाळी फरशी पुसणारीचा पोछा कुठवर पोचतो ते मी पाहिलेलं आहे. दुकानातून निघताना मागच्या बाजूच्या खाचा झाकायच्या दोन पट्ट्या मी जादा मागून घेतल्या. दुकानदाराला कारण कळेना. "एवढ्या फटीतून काय आत जाणार भाऊ?" तो म्हणाला. मी म्हटलं, "पाल."