अम्मीकडे पंचवीस दिवस

दिवा-वसई मार्गावरच्या आमच्या खारबाव स्टेशनात गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीची वाट पाहा, नाहीतर अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत रिक्षात बसून धूळ खा. त्यामुळे वाट पाहण्याचं आम्हाला फारसं काही वाटत नाही. पण आमच्या लोखंडी कपाटात एक फाईल आहे, तिची वाट पाहणं 2008 पासून चालू आहे.

माझी थोरली बहीण 1999 साली लग्न होऊन शिकागोला गेली. 2007 मध्ये ती तिथली नागरिक झाली आणि पुढच्या वर्षी तिने दोन अर्ज भरले, एक अम्मीसाठी आणि एक माझ्यासाठी. अब्बा तेव्हा हयात नव्हते. अम्मीचं काम वर्षभरात झालं. नागरिकाच्या आईवडिलांना तिथे संख्येची मर्यादा नाही. भावंडांना आहे. साऱ्या जगातल्या भावंडांसाठी वर्षाला साधारण 65 हजार व्हिसा, त्यातच त्यांचे नवरे, बायका, मुलंही मोजायची. शिवाय कोणत्याही एका देशाला ठराविक टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. आपल्याकडून अर्ज करणारे पुष्कळ, म्हणून आपली रांग लांब. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे अमेरिकेचं सरकार दर महिन्याला जाहीर करतं. गेल्या मे महिन्यात, म्हणजे 2025 मध्ये, भारतातल्या भावंडांसाठी ही तारीख 2006 सालात होती.

अम्मी 2009 मध्ये गेली. मधून मधून यायची. 2018 नंतर गुडघ्यांनी साथ सोडली आणि तिचं येणं थांबलं. आता ती 81 वर्षांची आहे. तिला भेटायचं तर मीच जायला हवं होतं.

इथे खरी अडचण येते, आणि ती आपल्या अनेक घरांत आहे म्हणून सविस्तर लिहिते. फिरायला जाण्याचा व्हिसा मागणारा माणूस परत येणार नाही असं तिथला कायदा आधीच धरून चालतो. परत येणार हे आपण पटवून द्यायचं. आणि अर्जात सरळ विचारलेलं असतं, तुमच्यासाठी कोणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे का? म्हणजे एका कागदावर मी म्हणते मला तिथे राहायचं आहे आणि दुसऱ्यावर म्हणते, मी महिनाभरात परत येते. दोन्ही खरं आहे. पण खिडकीच्या पलीकडच्या माणसाला ते दोन मिनिटांत कसं सांगायचं?

2016 मध्ये मी पहिल्यांदा प्रयत्न केला. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाने सल्ला दिला, "मॅडम, तिथे 'नाही' लिहा. कोण बघतंय?" मी 'हो' लिहिलं. व्हिसा नाकारला गेला. एजंट माझ्याकडे बघून नुसता हसला. घरातही काहींनी ऐकवलं, फार शहाणपणा केलास म्हणून. पण बहिणीचा अर्ज ज्या सरकारकडे पडून आहे, त्याच सरकारला तो नाही म्हणून सांगायचं, यात कसला शहाणपणा? जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं निघालं तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. मग फाईलही गेली आणि भेटही.

दुसऱ्यांदा, 2025 च्या सुरुवातीला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या रांगेत मी पुन्हा उभी राहिले. या वेळी पूर्वी व्हिसा नाकारला होता हेही लिहिलेलं होतं. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने अर्जाबद्दल विचारलं. मी म्हटलं, हो, बहिणीने 2008 मध्ये केलाय, अजून नंबर नाही. "मग आता का जाताय?" आईसाठी. "परत कधी?" जूनमध्ये शाळा उघडते, मी उर्दू आणि मराठी शिकवते, नवरा आणि दोन्ही मुलं इथेच आहेत. तिने नोकरीचे कागदसुद्धा मागितले नाहीत. पासपोर्ट ठेवून घेतला. खरं बोलले म्हणून व्हिसा मिळाला असं मी म्हणणार नाही, 2016 मध्येही मी खरंच बोलले होते.

15 मेला निघाले. शिकागोच्या विमानतळावर मला सहा महिने राहण्याची मुदत मिळाली. बहिणीचं घर डेव्हन अव्हेन्यूपासून जवळ. या रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे आणि दुसऱ्या एका भागाला जिनांचं. आपल्याकडे ज्यावरून भांडणं होतील ते तिथे एकाच रस्त्यावर निमूटपणे उभं आहे, आणि खाली लोक कोथिंबिरीच्या जुड्या निवडताहेत. हलाल गोश्त, आंबे, मेंदी, सोन्याची दुकानं, सगळं आहे. सुरमई बर्फातली मिळते. अम्मी ती खाते, पण दरवेळी नाव ठेवून.

तिथे त्या दिवसांत मगरिब रात्री सव्वाआठनंतर होते. इशा झाली की झोपेपर्यंत मध्यरात्र, आणि फजरला पुन्हा उठायचं. त्या लांबच लांब संध्याकाळी अम्मी आणि मी खिडकीशी बसायचो. ती खारबावचं विचारायची. खाडीकडची भातशेती अजून लावतात का? मी सांगितलं, थोडी. बाकी गोदामं झाली. "भात कोण खाणार मग, गोदामं?" म्हणाली.

दहा-बारा दिवसांनी बहिणीने विषय काढला. सहा महिन्यांची मुदत आहे, शाळेला रजा टाक, पुढचं पुढे बघू. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, सोळा वर्षं ती अम्मीचं एकटीने करते आहे. मुदत उलटून 180 दिवसांपेक्षा जास्त राहून निघालं की तीन वर्षं बंदी, वर्षाहून जास्त झालं तर दहा, हे तिलाही ठाऊक होतं. मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर त्या रात्री मी मनात नोव्हेंबरपर्यंतचे महिने मोजले.

अम्मीने ते ऐकलं असावं. सकाळी म्हणाली, "तुझ्या पोरीचं काय झालं? तिचं नाव येतं ना त्या कागदात?"

तेच तर दुखणं आहे. मुलगी 2004 ची, अर्ज केला तेव्हा चार वर्षांची. 21 पूर्ण झाली की मूल अर्जातून बाहेर पडतं. 2002 च्या एका कायद्याने थोडी सूट मिळते, पण ती फक्त अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला तितकीच. आमचा दोन वर्षांत मंजूर झाला, म्हणून तिला दोन वर्षं वाढवून मिळतील. नंबराच्या रांगेत गेलेली वर्षं कोणी धरत नाही. 2027 पर्यंत आमची तारीख येईल असं दिसत नाही. मुलगा 2010 चा, तो कदाचित बसेल. म्हणजे आमचा नंबर येईल तेव्हा एक मूल सोबत आणि एक मागे. एकत्र राहता यावं म्हणून भरलेला कागद!

अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी इथे आले तेव्हा तुला मागे ठेवूनच आले. तू नको करूस." आणि उठून चहा टाकायला गेली, गुडघे धरत.

बकरी ईद तिथे 6 जूनला होती, इथे 7 ला. कुर्बानी शहराबाहेरच्या कत्तलखान्यात, गोश्त पिशव्यांत बांधून घरी. अम्मीने त्या दिवशी खारबावला फोन लावला आणि सगळ्यांना ईद मुबारक म्हटलं. इथे शुक्रवारची रात्र होती, मुलगा हसून म्हणाला, नानी, आमची उद्या आहे. ती म्हणाली, "मग उद्या पुन्हा करते." आणि केला.

9 तारखेला निघताना तिने विचारलं, परत कधी? माझा व्हिसा दहा वर्षांचा आहे, 2035 पर्यंत, असं मी सांगायला गेले आणि थांबले. "पुढच्या मेमध्ये, इन्शाअल्लाह," म्हटलं.

16 जूनला शाळा उघडली. फाईल पुन्हा कपाटात आहे, मी ती बंद केलेली नाही. मुलगा मोठा होऊन काय ठरवेल ते त्याने ठरवावं. पगारातून दर महिन्याला तिकिटाचे पैसे मात्र वेगळे काढते आहे, त्याच फाईलमधल्या एका पाकिटात.