अंगावर काढलेले दुखणे

पांढुर्ण्याच्या शासकीय शाळेत आम्ही आयुष्यभर मराठी शिकविली. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांतील भेद फळ्यावर कितीदा समजावून दिला, याची गणती नाही. परंतु स्वतःच्या घरातील एक साधे वाक्य आम्हांस धडपणे हिंदीत सांगता आले नाही, आणि त्याचे मोल आमच्या सौभाग्यवतींना दोन वर्षे मोजावे लागले. हा विषय कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात लिहावा की न लिहावा, या संकोचात आम्ही बरेच दिवस होतो. शेवटी सौ.च म्हणाल्या, "लिहा. माझं नाव नका लिहू म्हणजे झालं."

सौ.चे माहेर सौंसरजवळच्या खेड्यातले. बाजारापुरती हिंदी त्यांना उत्तम येते. पण ही गोष्ट बाजारातली नव्हती. डॉक्टर हिंदीभाषी, वयाने आमच्या मुलाएवढे. सौ.नी मान खाली घालून आमच्याकडे पाहत सांगितले, "अंगावरून पांढरं जाते, अन् खाज लय सुटते." आता 'अंगावरून जाते' याचे शब्दशः भाषांतर करावे, तर हिंदीत त्यास काही अर्थ उरत नाही, सरळ शब्द उच्चारावा, तर जीभ रेटेना. आम्ही म्हणालो, "कमजोरी रहती है." डॉक्टरांनी टॉनिक आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. दुभाष्याच खोटा निघाला.

पुढे दुकानातून चिठ्ठीवर मलमाची नळी येऊ लागली, तीही वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या मलमात स्टिरॉइड होते, हे आम्हांस पुढे कळले; त्याने आग तेवढी निमे, बुरशी मात्र जागच्या जागी. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सौ. गरम पाणी आणि जंतुनाशक साबण यांनी धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेत, आतले कपडे साडीखाली लपवून वाळत घालीत, म्हणजे पावसाळ्यात ते कधी वाळतच नसत. भाचीच्या लग्नाला त्या आल्या नाहीत. बसमध्ये दोन तास बसवणार नाही, हे कारण त्यांनी आम्हांसही सांगितले नाही. गुडघ्याचे निमित्त केले.

शेवटी त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांना नागपूरला एका स्त्री-डॉक्टरांकडे नेले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला खरा, पण पोटातले बोलावयाचे तर आमच्याकडील माणसास अजून नागपूरच जवळ वाटते. १९५६ साली नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. जीभ मात्र वाटली गेली नाही.

त्या बाईंनी तपासले, स्रावाचा नमुना घेतला आणि विचारले, "वर्षातून किती वेळा?" तीन किंवा अधिक वेळा उलटणारा हा विकार नुसत्या मलमाचा राहत नाही, त्याचे मूळ शोधावे लागते, असे त्या म्हणाल्या. कॅन्डिडा नावाची ही बुरशी थोड्या प्रमाणात पुष्कळ स्त्रियांच्या शरीरात असतेच. प्रतिजैविकांनी तेथील उपकारक जंतू मेले, किंवा रक्तातील साखर वाढली, की ती माजते. सौ.ची रक्ततपासणी झाली आणि मधुमेह निघाला. कधीपासूनचा, देव जाणे! बुरशी दोन वर्षे दाराशी ओरडून सांगत होती, आणि आम्ही टॉनिक पाजीत होतो.

साखर आटोक्यात आणणे आणि फ्लुकोनॅझोलची गोळी आठवड्यातून एक, सहा महिने, असा उपचार ठरला. (गर्भवतींना ही गोळी देत नाहीत.) बाईंनी आणखी एक गोष्ट सौ.ना आवर्जून सांगितली. हा रोग लैंगिक संबंधातून लागणाऱ्या रोगांत धरीत नाहीत, आणि अस्वच्छतेचा शिक्काही त्यावर नाही. पांढरे जाणे प्रत्येक वेळी रोगच असते, असेही नव्हे. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज असली तर बुरशीचा संशय घ्यावा, दुर्गंधी असली तर बहुधा कारण निराळे. तपासल्यावाचून दुकानातले औषध घेऊ नये, ते याचसाठी.

त्यानंतर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतील पाहणीविषयी आमच्या वाचनात आले. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांना तपासले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. आणि त्यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. पहिल्या आकड्याने जगास धक्का बसला. आम्हांस दुसरा अधिक लागला. उरलेल्या स्त्रियांच्या शेजारी कोण बसले होते, आणि ते काय सांगत होते?

सहा महिन्यांनी गोळ्या थांबल्या. गेल्या आषाढात दुखणे एकदा उलटले. बाईंनी तसे होऊ शकते म्हणून आधीच सांगून ठेवले होते. यंदा साखर दाखविण्यास पांढुर्ण्याच्या त्याच तरुण डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा आम्ही सवयीने तोंड उघडले. सौ. म्हणाल्या, "तुमी थांबा जरा." आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत, मान वर करून त्यांनी सगळे सांगितले. डॉक्टर लिहून घेत होते. आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर पाहत होतो.